पर्यटक आणि पाहुणा : क्यूबाच्या प्रवासनिर्बंधांची कथा

या शाळेत आम्हांला भूगोल शिकवणारे गुरुजी भिंतीवर नकाशा टांगला की नेहमी एकच प्रश्न विचारीत : "ही रेषा ओलांडायला परवानगी कोणाला लागते आणि ती देतो कोण?" त्यांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या पुस्तिकेसाठी लिहावयास बसलो तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला. मी जन्मभर मराठी भाषा शिकवली. अर्थशास्त्र वा आंतरराष्ट्रीय राजकारण हा माझा प्रांत नव्हे. तथापि क्यूबा आणि अमेरिका यांच्यामधील प्रवासनिर्बंधांविषयी वाचीत असता ध्यानात आले की, या वादात 'कुटुंब' या एका शब्दाच्या अर्थावर पुष्कळ काही अवलंबून आहे. म्हणून हे धाडस.

प्रवासाचे निर्बंध शिथिल झाले की काय होईल, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा हॉटेले, विमाने आणि पर्यटकांचे आकडे यांचीच चर्चा होते. क्यूबाचा अनुभव पाहता दार किलकिले होताच प्रथम आत शिरतो तो त्याच घरातून पूर्वी बाहेर पडलेला माणूस. पर्यटक त्याच्या मागून येतो आणि वारा फिरला की आधी निघून जातो.

दोन कड्यांचे दार

फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील की वेस्ट या बेटापासून क्यूबा अवघे ९० मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर. १ जानेवारी १९५९ रोजी हुकूमशहा बातिस्ता पळाला आणि फिदेल कास्त्रो यांच्या क्रांतीचा विजय झाला. तोवर हवाना हे अमेरिकी पर्यटकांचे आणि जुगारगृहांचे शहर होते. जानेवारी १९६१ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी व्यापारबंदी जवळजवळ संपूर्ण केली. पाठोपाठ प्रवासही अडला.

या दाराला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या. वॉशिंग्टनची कडी अशी की, अमेरिकी नागरिकाने क्यूबात पैसा खर्च करता कामा नये. हवानाची कडी अशी की, देश सोडण्यास सरकारची परवानगी हवी आणि कायमचे जाणाऱ्याने घरादारावर पाणी सोडावे. तरीही माणसे गेली. १९६० ते १९६२ या काळात चौदा हजारांहून अधिक मुले आईबापांवाचून अमेरिकेस पाठवली गेली. पुढे १९६५ ते १९७३ पर्यंत खास विमानांनी अडीच लाखांहून अधिक लोक गेले. मागे राहिलेल्या देशात त्यांना 'गुसानो' असे नाव पडले. 'गुसानो' म्हणजे अळी, किडा.

अळीचे फुलपाखरू

१९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी अमेरिकेच्या बाजूची कडी काढली. पुढील वर्षी क्यूबा सरकारने स्थलांतरितांच्या प्रतिनिधींशी बोलणी केली, आणि १९७९ या एका वर्षात एक लाखाहून अधिक क्यूबन माणसे आपल्या गावी जाऊन आली. हातांत भेटवस्तूंनी फुगलेल्या बॅगा होत्या. लोक विनोदाने म्हणू लागले की, अळ्यांची फुलपाखरे झाली! दुसरा विनोद भाषेच्या अभ्यासकाला विशेष भावणारा आहे. स्पॅनिशमध्ये देशद्रोह्यांना 'त्राइदोरेस' म्हणतात, आणि 'डॉलर आणतो' याला 'त्राए दोलारेस'. उच्चारातील एवढ्याशा फरकात लोकांनी सरकारी धोरणातला सारा बदल पकडला.

परंतु या भेटींचा परिणाम कोणी अपेक्षिला नव्हता असा झाला. वीस वर्षे ज्यांच्याविषयी वाईटच ऐकले ती भावंडे चांगली नांदत असलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली. घरची आर्थिक ओढाताण होतीच. एप्रिल १९८० मध्ये हवानातील पेरूच्या वकिलातीत सुमारे दहा हजार लोक घुसले, आणि त्यानंतर मारिएल बंदरातून ऑक्टोबरपर्यंत सव्वा लाख माणसे होड्यांनी फ्लॉरिडास पोहोचली. अनेक अभ्यासक या निर्गमनाच्या कारणांत १९७९ च्या भेटींची गणना करतात. येण्याची वाट मोकळी झाली की जाण्याची इच्छाही वाढते, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय. १९८२ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी पर्यटनावर पुन्हा बंदी घातली.

मावशी कुटुंबातली की बाहेरची?

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाचा आधार गेला. निरुपायाने सरकार पर्यटनाकडे वळले. १९९३ मध्ये नागरिकांना डॉलर बाळगण्याची मुभा दिली. कॅनडा व युरोपातील पर्यटकांसाठी हॉटेले उभी राहिली. परंतु खुद्द क्यूबन नागरिकाला त्यांत खोली घेऊन राहण्याची मोकळीक मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले.

तिकडे अमेरिकेने २००४ मध्ये स्थलांतरितांच्या भेटींवर कठोर नियम लादले. तीन वर्षांतून एकदाच जावे, चौदा दिवसांहून अधिक राहू नये, आणि भेट घ्यावी ती केवळ जवळच्या कुटुंबीयांची. जवळचे म्हणजे आजी-आजोबा, आईवडील, पतिपत्नी, भावंडे, मुले व नातवंडे. काका, मामा, आत्या, मावशी, भाचा, पुतण्या, चुलत-मावस भावंडे ही सारी कायद्याच्या दृष्टीने परकी ठरली. जिने लहानपणी वाढवले त्या मावशीच्या आजारपणात जाणे नियमात बसेना. कोणत्याही मराठी माणसाला हा नियम वाचून नवल वाटावे. कारण आपण ज्या नात्यांना एकेक स्वतंत्र शब्द दिला, नेमकी तीच नाती या व्याख्येतून वगळली होती.

२००९ मध्ये अध्यक्ष ओबामा यांच्या सरकारने ही मर्यादा काढली. समान पूर्वजापासून तीन पिढ्यांपर्यंतचे सारे नातलग आता कुटुंबात धरले गेले. खेपांची व दिवसांची गणतीही संपली. हवानाची कडी पुढे सैल झाली. १४ जानेवारी २०१३ पासून क्यूबन नागरिकाला परदेशी जाण्यासाठी लागणारा सरकारी परवाना, म्हणजे तेथील बोलीतले 'पांढरे कार्ड', रद्द झाला.

पर्यटकांची लाट

१७ डिसेंबर २०१४ रोजी दोन्ही देशांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली. केवळ मौजेसाठी जाणे अमेरिकी कायद्याने निषिद्धच राहिले; मात्र शिक्षण, धर्मकार्य, कुटुंबभेट आदी बारा कारणांसाठी आधी परवाना मागण्याची गरज उरली नाही. मे २०१६ मध्ये मायामीहून प्रवासी जहाज हवानास लागले, आणि ३१ ऑगस्ट २०१६ रोजी पन्नासहून अधिक वर्षांनी अमेरिकेतून नियमित विमानसेवा सुरू झाली. जहाजाची कथा उद्बोधक आहे. क्यूबात जन्मलेल्याने समुद्रमार्गे मायदेशी येऊ नये असा हवानाचा नियम होता. त्यामुळे इतर अमेरिकी नागरिकांना तिकीट मिळे. हवानात जन्मलेल्या मायामीकराला मात्र नकार. यावर मोठा गहजब झाला तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये तो नियम क्यूबाने मागे घेतला.

या लाटेचा लाभ घरच्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांना, खानावळी चालवणाऱ्यांना व टॅक्सीवाल्यांना झाला. खोली रंगवण्यास, नवी मोरी बांधण्यास भांडवल कोठून आले? पुष्कळदा ते परदेशी असलेल्या भावाबहिणींकडून आले. म्हणजे पर्यटकाच्या उशाखालचा पलंगही अनेकदा स्थलांतरिताच्या पैशाचा होता. यातून विषमताही वाढली. प्रारंभी देश सोडणारे बहुतांशी गौरवर्णी होते. म्हणून बाहेरचा पैसाही गौरवर्णी कुटुंबांकडे अधिक आला, आणि ज्यांचे कोणीच परदेशी नव्हते ती माणसे मागे पडली.

ओहोटी

मग वारा फिरला. २०१७ पासून अध्यक्ष ट्रम्प यांनी निर्बंध पुन्हा आवळले. जून २०१९ मध्ये जहाजे थांबली, वर्षअखेरीस हवानाखेरीज इतर शहरांची विमाने बंद झाली. ती विमाने २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी पुन्हा सोडली. मध्यंतरी महामारी येऊन गेली होती. क्यूबात २०१८ मध्ये सुमारे ४७ लाख परदेशी पाहुणे आले होते; २०२४ मध्ये जेमतेम २२ लाख आले. देश सोडणाऱ्यांची संख्या मात्र याच काळात अभूतपूर्व वाढली. सरकारी आकड्यांनुसारच लोकसंख्या २०२० च्या अखेरीस सुमारे १ कोटी ११ लाख होती, ती २०२३ च्या अखेरीस १ कोटीवर उतरली.

या ओहोटीत पर्यटक दिसेनासा झाला, पण घरचा माणूस येत राहिला. जुलै २०२१ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारने जे तातडीचे उपाय केले त्यांत एक असा होता : प्रवाशांनी सोबत आणलेल्या अन्नावर व औषधांवर जकात घेऊ नये. औषधाच्या गोळ्या आणणारा प्रवासी कोण, हे सांगावयास नको. पर्यटकाला जाण्यास दुसरे समुद्रकिनारे आहेत. ज्याची आई हवानात आहे त्याला दुसरे हवाना नाही.

म्हणून निर्बंध शिथिल करणाऱ्यांनी प्रथम पाहावयाचे ते कुटुंबाकडे. एक कडी काढून भागत नाही, दोन्ही काढाव्या लागतात. आणि मोकळ्या झालेल्या दारातून काही माणसे कायमची निघून जातील हेही गृहीत धरावे लागते.

आपण गोमंतकीयांना हे परके वाटू नये. १९५५ ते १९६१ या काळात गोवा आणि भारत यांमधील सीमेवर असेच निर्बंध होते, आणि मुंबईत पोटासाठी गेलेल्या हजारो गोवेकरांची घरे त्या रेषेच्या अलीकडे राहिली होती. माझी आत्या त्यांपैकीच. १९५८ साली आजी गेली तेव्हा आत्याला येता आले नाही. ती आली १९६२ च्या उन्हाळ्यात. येताना तिने आजीसाठी पूर्वी घेऊन ठेवलेले लुगडे आणले होते. ते तिने कोणालाच दिले नाही. देवघरापाशी ठेवले आणि बराच वेळ तेथेच बसून राहिली. गुरुजींच्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी थोडासा कळला होता. उरलेला क्यूबाविषयी वाचताना कळला.