इशारा मिटवावा, कीं चूक सुधारावी?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या नाशिकच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं आमचा पुतण्या माजघरांत संगणक उघडून बसे. एके रात्रीं आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "बाळ, इतका वेळ काय रे चाललें आहे?" तो उत्तरला, "आजी, कर्नलमधले इशारे दुरुस्त करतों आहें." त्या माउलीस वाटलें, देवळालीच्या छावणींतील एकाद्या कर्नलसाहेबांनीं नातवास तंबी दिली! घरांत हंशा पिकला खरा. परंतु नीट समजावून घेतल्यावर प्रकरण हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं, हें आमच्या ध्यानीं आलें.

येथें कर्नल म्हणजे फलटणीचा अधिकारी नव्हे, तर संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. यंत्राची स्मृति, तबकडी, पडदा हीं कोणत्या कामास केव्हां मिळावीं, हें तो ठरवितो. १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेला लिनक्सचा गाभा आज अँड्रॉइडवर चालणाऱ्या फोनांत आहे. वाचकांपैकीं पुष्कळांच्या खिशांत तो असेलच. त्याची मूळ संहिता कोणासहि वाचतां येते. तिच्या कोट्यवधि ओळी 'फंक्शन' नांवाच्या लहान लहान विभागांत वांटलेल्या आहेत, आणि अशा अनेक विभागांच्या डोक्यावर त्यांचें वर्णन लिहिलेलें असतें : याला काय द्यावें, हा काय परत करील, कोणती खबरदारी घ्यावी. हीं वर्णनें वेचून त्यांचा ग्रंथ बांधण्याचें काम २०१६ पासून स्फिंक्स नांवाच्या साधनाकडे आहे.

हा स्फिंक्स आणि त्याचीं सहायक साधनें मुद्रितें तपासणाऱ्या कडक शास्त्रीबोवांसारखीं आहेत. मथळ्याखालची रेघ मथळ्याहून आखूड निघाली, ओळ भलतीच आंत सरकली, किंवा फंक्शनास चार गोष्टी पुरवावयाच्या असून वर्णन तिहींचेंच असलें, कीं इशारा आलाच. वर्णनाच्या प्रत्येक ओळीच्या आरंभीं तारकाचिन्ह असावें, असा संकेत आहे. उपकरणांचा वेग कमीअधिक करणाऱ्या 'डेव्हफ्रेक' नांवाच्या भागांत २०१६ सालीं लिहिलेल्या दोन वर्णनांत हें चिन्ह गळलें, व चार वर्षें तसेंच राहिलें. दुरुस्तीस लागलीं कांहीं मिनिटें! गंमत अशी कीं, ती करणारास मागाहून कळलें, दुसऱ्या कोणीं तरी तीच चूक अन्य शाखेंत आधींच सुधारली होती. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वीं ताजी प्रत पाहावी, असा उपदेश गाभ्याच्या मार्गदर्शिकेंत याच उदाहरणावरून केला आहे.

चार वर्षें कोणाचें लक्ष कां गेलें नाहीं? कारण इशारे थोडेथोडके नव्हते. ज्या घरांत दाराची कडी वाऱ्यानें दिवसभर वाजते, तेथें पाहुण्यानें वाजविलेली कडी कोणास ऐकूं येणार? जुने इशारे निवारले, तरच नवा इशारा कानीं पडेल.

परंतु निवारावे कसे? येथेंच आमच्या पुतण्याची परीक्षा झाली. एका फंक्शनास पुरवावयाच्या एका गोष्टीचें वर्णन नव्हतें. त्यानें नांवावरून तर्क बांधला व एक ओळ लिहून टाकली. इशारा नाहींसा झाला! मोठ्या आनंदानें त्यानें दुरुस्ती टपालानें (अर्थात् विजेच्या) पाठविली. तपासणाराचें उत्तर एका ओळीचें आलें : "हें आपण कोठें पाहिलें?" मुलगा वरमला. 'स्मृतीचा हा तुकडा बोलावणारानें परत करावा,' असें त्यानें लिहिलें होतें. वस्तुतः तें फंक्शन तो तुकडा स्वतःच परत करीत होतें. या लिहिण्यावर विसंबून कोणीं तो दुसऱ्यांदा परत केला असता, तर यंत्र कोलमडलें असतें, किंवा चोरास वाट मिळाली असती. मूळची रिकामी जागा याहून बरी होती; ती निदान खोटें बोलत नव्हती.

पुढें तीन रात्री त्यानें तें फंक्शन कोठकोठून बोलावलें जातें याचा माग काढला, वर्णन नव्यानें लिहिलें, आणि तें स्वीकारलें गेलें.

आमच्या वडील बंधूंनीं रोकडा प्रश्न केला, "यांतून मिळतें काय?" रोख कांहीं नाहीं, हें आम्हीं कबूल केलें. मात्र या गाभ्यावर काम करणारे पुष्कळ लोक मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर असतात, आणि नवख्यास त्यांच्या पंक्तीस नेणारा हा एक लहानसा दरवाजा आहे. शिवाय हें देण्याचा आपणांस अधिकार आहे, असें २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखालीं नांवानिशीं लिहून द्यावें लागतें, आणि तें नांव इतिहासांत राहतें. बंधूंचें पूर्ण समाधान झालें नाहीं. पण दुसऱ्या दिवसापासून ते रात्रीं मुलास चहा आहे कीं नाहीं, हें विचारूं लागले.

वाचकहो, आतां आमची कबुली. महिनाअखेर घरचा जमाखर्च जुळेना, कीं आम्ही 'किरकोळ' म्हणून एक रक्कम टाकून वही मिटवीत असूं. ताळा बसे, पैसे कोठें गेले तें कळत नसे. या महिन्यांत सत्तेचाळीस रुपये कमी भरले. आम्हीं 'किरकोळ' लिहिलें नाहीं. जागा रिकामी ठेविली आहे, आणि शोध चालू आहे.