'टुमदार' कशावरून? : गावाचं वर्णन लिहिण्याआधी

प्रत्येक प्रबंधात 'अभ्यासक्षेत्राची ओळख' नावाचं एक प्रकरण असतं. बरेच जण ते घाईघाईत, जनगणनेच्या पुस्तिकेतून उतरवून काढतात. लोकसंख्या, क्षेत्रफळ, तालुक्यापासूनचं अंतर, आणि शेवटी 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं टुमदार गाव'. मीही आराखड्यात हेच लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी 'टुमदार'भोवती लाल गोल काढला आणि समासात एकच शब्द लिहिला : कशावरून?

खेड्याचा स्वभाव म्हणजे आपल्याला तिथं काय वाटलं ते नव्हे. तो जमिनीवर दिसतो, पण शोधावा लागतो. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इंग्रज इतिहासकाराने १९५५ साली इंग्लंडच्या भूदृश्यावर पुस्तक लिहिलं. जमीन हेच दप्तर आहे, कुंपणं आणि वाकड्या वाटा ही त्याची पानं, असं त्याचं म्हणणं. यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या उजाड खेड्यात आज एक पडकं चर्च आणि गवताखालचे उंचवटे एवढंच उरलंय. पण १९५० पासून चाळीस वर्षं तिथं उत्खननं झाली, ती त्या उंचवट्यांच्या भरवशावर.

आपल्याकडे अशा उंचवट्याला जुनं नाव आहे, पांढरी. राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती शतकानुशतकं एकावर एक साचतात आणि वस्तीची माती फिकट होते. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. गावात कुणालाही विचारा, सांगतील.

पारशिवनी तालुक्यातलं पेंच नदीकाठचं नैकुंड घ्या. शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इथं उत्खनन केलं; अहवाल १९८२ चा. विदर्भात महापाषाणयुगीन दगडी वर्तुळं पुष्कळ आहेत. मोठे दगड गोलात मांडलेले, आत गोट्यांचा भराव, त्याखाली अस्थी, भांडी, लोखंडी वस्तू. नैकुंडला अशी दफनं तर मिळालीच, शिवाय त्याच लोकांची वस्ती आणि लोखंड गाळायची भट्टीही मिळाली. काळ साधारण इ. स. पू. सातव्या शतकाच्या आसपासचा. राहणं, पुरणं आणि लोखंड गाळणं, तिन्ही एकाच शिवारात. आता मेलेल्यांची जागा कुठली, जिवंतांची कुठली, नदी किती लांब, हे प्रश्न नकाशावर विचारता येतात. 'प्राचीन गाव' असं लिहून मोकळं झालं की ते सुचतही नाहीत.

इथं माझी फजिती सांगतो. त्याच भागात एका वावराच्या धुऱ्यावर मला दगडांची कमान दिसली. मोजली, फोटो काढले, मनात प्रकरणाचं शीर्षकही ठरलं. तेवढ्यात वावराचे मालक आले. ''माह्या आज्यानं वेचले ना ते गोटे, वखराला लागत.'' झालं! वेचलेले दगड सुटे, एकावर एक टाकलेले असतात. वर्तुळाचे मोठे दगड जमिनीत रुतलेले असतात आणि आतला भराव बाजूच्या जमिनीहून किंचित वर येतो. पण याची दुसरी बाजूही आहे. आज्याने वेचलेले गोटे मुळात एखाद्या वर्तुळातलेच असू शकतात. म्हणून 'हे कुणी मांडलं?' याच्या जोडीला 'हे कुठून आणलं?' हेही विचारायचं. पांढरीचंही तसंच. ती माती कसदार म्हणून शेतकरी गाडीने वावरात नेऊन टाकतात, आणि मग खापरं भलतीकडेच सापडतात.

नदीबद्दलही सावध राहा. वर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणं आहेत, नागपूरला पाणी तिथून जातं. आज दिसणाऱ्या पात्रावरून जुन्या वस्तीचं पाणी मोजू नका.

कागदांत आणखी एक घोळ होतो. आत्र्यांचा 'गावगाडा' (१९१५) जरूर वाचा, पण तो नगरकडचा. नागपूरकडे १९५१ पर्यंत मालगुजारी होती. त्यामुळे सातबारा पाहून थांबू नका. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. गुरं कुठं चरायची, सरपण कुठून आणायचं, पांदण कुणाची, मसणवट कुठली, हे त्यांत सापडण्याची शक्यता असते. माझ्या मते गावाचा स्वभाव कळायला याहून चांगला सरकारी कागद नाही. जमीन महसूल अधिनियम, १९६६ ची कलमं १६१ आणि १६५ अर्जात लिहा, काम लवकर होतं.

शिवारात जायचं तर कपाशी-तूर निघाल्यावर जा. उभ्या पिकात उंचवटा दिसत नाही. खापर दिसलं तर उचलू नका. जागा टिपा, फोटो घ्या, आणि वावरात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारा.