घरची रूट बिअर आणि तात्यांचा प्रश्न

माझं गाव कोणतं, असं कुणी विचारलं की मला दोन उत्तरं द्यावी लागतात. मूळ गाव विट्याजवळचं, पण घर राजस्थानात, चौमूंला. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. त्यांतलंच आमचं एक. चौमूं जयपूरहून सीकरच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर आहे. मे महिन्यात तिथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. यंदाच्या सुट्टीत मी तिथे रूट बिअर करायचं ठरवलं.

नाव ऐकताच आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "आरं, बिअर म्हंजे दारूच की!"

"नाही तात्या, नुसतं नाव तसं आहे," मी म्हणालो आणि कामाला लागलो.

रूट बिअर म्हणजे मुळांचं फसफसणारं सरबत. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ च्या प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडलं. तिकडची मुळं मला मिळणार नव्हती. पण आपल्याकडे उपळसरी, म्हणजे अनंतमूळ, आहे. बाजारातल्या पंसाऱ्याकडे (काष्ठौषधी विकणाऱ्याकडे) ते सहज मिळालं. त्याचा वास थोडा व्हॅनिलासारखा असतो.

एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम ठेचलेलं अनंतमूळ आणि सुंठेचा तुकडा घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळलं. गाळून त्यात १०० ग्रॅम साखर विरघळवली. कोमट झाल्यावर लिंबू पिळलं आणि ब्रेडचं यीस्ट चिमूटभर टाकलं. गरम काढ्यात यीस्ट टाकलं तर ते मरतं. मग ते काचेच्या बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली गच्चीवरच्या खोलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत मोठा आवाज झाला. काचा भिंतीपर्यंत उडाल्या होत्या. दहा मिनिटांपूर्वी माझी धाकटी बहीण तिथेच चटईवर झोपली होती. ती पाणी प्यायला खाली आली म्हणून वाचली. माझे पाय कितीतरी वेळ कापत होते.

पप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मुशीत ओल राहिली की वितळलेलं सोनं उडतं. कोंडलेली वाफ असो नाहीतर वायू, त्याला वाट लागतेच. तू हिशेब केला होतास का?"

हिशेब मी नंतर केला. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. चार ग्रॅम साखरेपासून साधारण एक लिटर वायू होतो. चांगल्या फसफशीला लिटरमागे तीन-चार लिटर वायू पुरतो, म्हणजे बारा ते सोळा ग्रॅम साखर. मी घातली होती १०० ग्रॅम. यीस्ट आपणहून थांबत नाही. सगळी साखर संपली असती तर लिटरभर बाटलीत पंचवीस लिटर वायू कोंडला असता! शिवाय शून्य अंशाला एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर वायू धरून ठेवतं, चाळीस अंशाला जेमतेम अर्धा लिटर. म्हणजे उन्हाळ्यात यीस्टही घाईत आणि वायूही पाण्याबाहेर.

दुसऱ्या वेळी कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वर चार बोटं जागा सोडली. दर दोन तासांनी बाटली दाबून पाहिली. ती दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट जवळजवळ थांबतं. रात्रभर गार करून हळूहळू झाकण सैल केलं. अप्रतिम झाली होती! तरीही ती दोन-तीन दिवसांत संपवावी आणि काचेची बाटली कधीच वापरू नये.

पेला घेऊन तात्यांकडे निघालो आणि थबकलो. दहावीच्या विज्ञानात श्वसनाचा धडा आहे. हवेशिवाय यीस्ट साखरेपासून कार्बन डायऑक्साइड करतं, त्याबरोबर अल्कोहोलही करतं. माझ्या बाटलीत ते एक टक्क्याहून कमी असणार. पण "नुसतं नाव" हे माझं उत्तर खोटं होतं. अमेरिकेतही दारूबंदीसाठी झटणाऱ्या महिलांच्या संघटनेने याच शंकेवरून १८९५ मध्ये हायर्सच्या पेयावर बहिष्कार घातला होता. तपासणीत अल्कोहोल अगदी नगण्य निघालं, तेव्हा १८९८ मध्ये तो उठला.

मी तात्यांना सगळं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मी न्हाई पिणार. पर खरं सांगितलंस, बरं केलंस."

संध्याकाळी मी अनंतमुळाचा नुसता काढा गार करून त्यात बाजारातला सोडा ओतला. यात यीस्ट नाही, म्हणून अल्कोहोलही नाही. तात्यांनी दोन पेले घेतले.

मित्रांनो, सुट्टीत करून बघा. पण बाटलीतल्या दाबाचा हिशेब आधी करा, आणि घरच्यांनी विचारलं तर उत्तर पूर्ण द्या.