पालथा तवा

जुना स्किलेट हाती आला की जाणकार तो आधी पालथा करतो. अमेरिकेतल्या या दांड्याच्या बिडाच्या तव्याची ओळख बुडावर असते.

बुडावर आडवा, खडबडीत वळ दिसला तर तवा बहुधा 1890 च्या आधीचा. वितळलेले बीड साच्यात जिथून शिरले, तिथला जादा तुकडा मोडल्याचा तो व्रण. कडेलगत उठावाची गोल कडी असली, तर तवा लाकूड-कोळशाच्या लोखंडी चुलीवर बसायचा. दांड्यावरचा 8 हा आकडाही त्याच चुलीच्या भोकाचा. तव्याचे तोंड साडेदहा इंचांच्या आसपास भरते. 8 म्हणजे आठ इंच समजून नवखे इथे हमखास फसतात.

सर्वांत मान ग्रिसवोल्डला. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात 1865 मध्ये सुरू झालेला हा कारखाना. जुन्या तव्यांवर नुसते ‘ईरी’, पुढे दुहेरी वर्तुळात फुली आणि फुलीत कंपनीचे नाव. 1957 मध्ये ईरीतली भट्टी विझली. नाव ओहायोतल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे, वॅग्नरकडे गेले आणि नंतरच्या तव्यांवरून ईरी पुसले गेले. नाव आहे पण गाव नाही, तर भाव उतरतो. अस्सल तव्यालाच साचा करून ओतलेल्या नकलाही असतात. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून नक्कल दोन-तीन मिलिमीटर लहान आणि अक्षरे बोथट. मला विचाराल तर बुडाइतकेच आत बोट फिरवावे. जुने कारखाने तव्याचा आतला भाग घासून गुळगुळीत करीत. आजच्या बहुतेक तव्यांवर वाळूच्या साच्याचा रवाळपणा तसाच राहतो.

साफ करताना घाई नडते. पुटे जाळायला तवा आगीत टाकणारे तो वाकवून ठेवतात. जळक्या तेलाचा थर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवला की सुटतो (हातमोजे हवेतच), पण गंज त्याला दाद देत नाही. गंजासाठी धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर: ऋण टोक तव्याला, धन टोक भंगार लोखंडाला. तिथे स्टेनलेस स्टील लावू नये, विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम अंगणातच.

बाहेर येतो तो उघडा, राखाडी तवा. तासाभरात पुन्हा गंजेल इतका हळवा. तो लगेच वाळवून तेलाचा हात फिरवायचा आणि मग चुकून लागल्यासारखे ते सगळे पुसून काढायचे. उरलेला पातळ थर ओव्हनमध्ये तासभर तापला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक होतात. घावनाआधी आपल्याकडे तेलात बुडवलेला अर्धा कांदा तव्यावर फिरवतात, त्यातही हीच किमया. जवसाचे तेल फार वाखाणले गेले, पण त्याचा थर पुढे खपल्यांनी सुटतो. साधे सोयाबीनचे तेल बरे.

एक चौकशी मात्र या सगळ्याआधी. बंदुकीच्या गोळ्या ओतायला लोक जुन्या बिडाच्या भांड्यांत शिसे वितळवीत. शंका असली तर तपासणी करावी. शिसे निघाले तर नाव ग्रिसवोल्डचे असले तरी तो तवा भिंतीवरच टांगायचा.