धाक आणि सामोपचार

समोर एखादें बलाढ्य आणि आक्रमक राष्ट्र उभें ठाकलें म्हणजे शरणागति किंवा युद्ध असे दोनच मार्ग उरतात, असा सर्वसाधारण समज आहे. सन १९६२ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्यामध्यें क्यूबा बेटावरून जो पेंच उत्पन्न झाला, त्याचा इतिहास पाहिला तर या दोहोंच्या मधून जाणारी एक बिकट वाटही असते, असें दिसून येतें.

अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें ९० मैलांवर असलेल्या या बेटावर रशियानें अण्वस्त्रें डागणारीं क्षेपणास्त्रें गुप्तपणें आणून उभारण्यास आरंभ केला होता. ता. १४ रोजीं टेहळणी विमानानें घेतलेल्या छायाचित्रांवरून तें उघडकीस आलें. त्या तळांवर तत्काळ बाँबहल्ला करावा, असें अध्यक्ष केनेडी यांच्या सेनापतींचें मत पडलें. परंतु हल्ल्यांत रशियन सैनिक मेले असते, आणि मग क्रुश्चेव्ह यांना माघार घेणें दुरापास्त झालें असतें. उलट, नुसता निषेधाचा खलिता धाडून स्वस्थ बसावें, तर तोंवर क्षेपणास्त्रें सज्ज झालीं असतीं. केनेडी यांनीं आरमार पाठवून शस्त्रास्त्रें नेणाऱ्या जहाजांची वाट अडविली. आंतरराष्ट्रीय कायद्यांत नाकेबंदी हें युद्धाचें कृत्य समजतात, म्हणून ता. २२ च्या भाषणांत तिला नांव दिलें 'क्वारंटाइन' — प्लेगच्या सांथींत पुण्यामुंबईच्या लोकांस परिचित झालेला तोच शब्द! शब्दच्छल म्हणून कोणी हंसेल. परंतु शत्रूस युद्ध पुकारण्याचें निमित्त मिळूं नये, यासाठीं तो मुद्दाम योजिला होता.

अंमलबजावणींतही तेंच तारतम्य राखलें गेलें. 'बुखारेस्ट' हें रशियन तेलवाहू जहाज ता. २५ रोजीं पुढें जाऊं दिलें. तेलास बंदी नव्हतीच. दुसऱ्या दिवशीं झडती घेतली ती लेबनॉनमध्यें नोंदलेल्या 'मारुक्ला' जहाजाची. झडती खरोखर होते हें मॉस्कोला कळलें, आणि रशियन निशाणाचा अपमानही टळला.

ता. २७ चा शनिवार सर्वांत कठीण गेला. क्यूबावर अमेरिकेचें टेहळणी विमान पाडण्यांत आलें व वैमानिक ठार झाला. प्रतिटोल्याची सिद्धता असतांही केनेडी यांनीं हात आवरला. त्याच रात्रीं त्यांचे बंधु रॉबर्ट यांनीं रशियन वकील दोब्रिनिन यांची भेट घेतली. तळ हलविले नाहींत तर ते आम्हांस नष्ट करावे लागतील, असें त्यांनीं बजावलें. आणि त्याबरोबरच, क्यूबावर स्वारी न करण्याचें वचन उघडपणें देऊं केलें, व तुर्कस्तानांतील अमेरिकन क्षेपणास्त्रें ४-५ महिन्यांत काढून घेण्याचें आश्वासन गुप्तपणें दिलें. ता. २८ रोजीं क्रुश्चेव्ह यांची संमति जगानें मॉस्को रेडिओवरून ऐकली. कॅस्ट्रो यांस तर कोणी विचारलेंही नव्हतें.

तुर्कस्तानची बाब गुप्त राहिल्यामुळें केनेडी यांनीं डोळे वटारले आणि क्रुश्चेव्ह दबले, एवढेंच लोकांनीं पाहिलें. तत्कालीन सल्लागारांनीं १९८२ सालीं तें आश्वासन उघड मान्य केलें; तोंपर्यंत नुसत्या धाकानें काम होतें, हा अर्धवट धडा अमेरिकेंत पुष्कळांनीं गिरविला होता. ही त्या गुप्ततेची किंमत म्हटली पाहिजे.

आणखी एक गोष्ट दोन्ही पक्षांना उमगली. क्रुश्चेव्ह यांचें ता. २६ चें पत्र वॉशिंग्टनला पुरतें हातीं येण्यास सुमारें १२ तास लागले होते. म्हणून जून १९६३ मध्यें दोन्ही राजधान्या दूरमुद्रक यंत्रांनीं थेट जोडण्याचा करार झाला. तुर्कस्तानांतील क्षेपणास्त्रें त्यापूर्वींच, एप्रिलमध्यें, गाजावाजा न करतां उतरविण्यांत आलीं होतीं.