जुन्या पेटीला नवा कंठ

सभा असो, कीर्तन असो की गणेशोत्सव, शेवटच्या रांगेची तक्रार ठरलेली: “आवाज येतो हो, पण शब्द कळत नाही!” मग कार्यकर्ते आवाज वाढवितात, शेजारी कानांत बोळे घालतात आणि शब्द होता तिथेच राहतो. अशा वेळी नवे यंत्र आणण्यापूर्वी लाऊडस्पीकरची जुनी लाकडी पेटी एकदा तपासून पाहावी.

ही पेटी शोभेची नव्हे. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. या दोन लहरींची गाठ पडली तर खर्जाचे सूर परस्परच विरतात. ती गाठ पडू न देणे, हे पेटीचे काम. काही पेट्यांना मुद्दाम भोक ठेवलेले असते. मागची लहर त्यातून उलटून येते आणि खर्जाला बळ देते. बेल प्रयोगशाळेतील थुरास यांना या रचनेचे पेटंट १९३२ साली मिळाले. तेव्हा ते भोक बुजवू नये.

टेम्पोत आदळून पेटीचे सांधे सुटतात. मग हवा फटींतून फुसफुसते, फळ्या थरथरतात. खर्जाचा सूर लावून सांध्यांवरून ओला हात फिरवावा. फट लगेच कळते. ती सुताराच्या डिंकाने भरावी, आतल्या कोपऱ्यांत रिपा माराव्यात, रुंद फळ्यांमध्ये आडवी दांडी बसवावी. स्पीकरच्या कडेखाली रबरी पट्टी घालावी. आतून जाड नमदा लावावा, पण भोकाची वाट मोकळी ठेवावी.

आता तारा पाहू. पेटी यंत्रापासून सोडवून साध्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलची टोके तशीच धरली असता प्रत्येक पडदा एकाच दिशेने हलला पाहिजे. एक पुढे आणि दुसरा मागे गेला, तर दोघे एकमेकांचाच आवाज खातात. शिवाय ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. तो भार यंत्राला झेपतो का, हेही पाहावे.

शेवटी पेटी श्रोत्यांच्या डोक्यांहून उंच ठेवून तिचे तोंड मागच्या रांगांकडे वळवावे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पण शब्द स्पष्ट असला, तर तो उतरलेला आवाजही पुरतो. तेवढीच शेजाऱ्यांची झोपही शाबूत राहते!