जैसलमेरमध्ये फोटो काढताना: आधी सावली शोधा, किल्ला नंतर

जैसलमेरला प्री-वेडिंग किंवा कौटुंबिक शूट करायचे ठरले की महाराष्ट्रातून जाणाऱ्या मंडळींची यादी साधारण सारखीच असते. समची वाळू, उंट, किल्ला, पटवों की हवेली आणि वेळ उरला तर कुलधरा. या सगळ्या जागा सुंदर आहेत, पण ही यादी पर्यटकाची आहे. पर्यटक जागा बघायला जातो. पोर्ट्रेटमध्ये बघायचा असतो तो माणूस, त्याचा चेहरा. त्या चेहऱ्यावर चांगला उजेड पडेल, त्याला निवांत उभे राहता येईल आणि मागे फार गडबड नसेल अशी जागा लागते, आणि ती प्रसिद्ध असतेच असे नाही. वाळवंटात ऊन हवे तेवढे मिळते, सावली मात्र मोजकीच. तिथे लोकेशन शोधायचे म्हणजे आधी सावली शोधायची, असे माझे ठाम मत आहे. नेमके याच बाबतीत काही समजुती आड येतात.

“वाळवंटातले शहर म्हणजे चहूकडे वाळूच्या टेकड्या”

जैसलमेर खडकावर वसलेले आहे. रावळ जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्या पायथ्याशी पुढे शहर वाढले. भोवतालचा मुलूख दगडगोट्यांचा आणि खुरट्या झुडपांचा आहे. थरचा बराच भाग असाच दिसतो. फोटोत दिसते तशी वाळू हवी असेल तर पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर सम किंवा नैर्ऋत्येला खुडी गाठावी लागते. म्हणजे एका संध्याकाळी किल्लाही आणि वाळूही, हा बेत बसत नाही. दोन्हीकडे चांगला उजेड एकाच वेळी येतो आणि आपण तेव्हा गाडीत असतो.

समची संध्याकाळ तर पोर्ट्रेटसाठी सर्वांत अवघड वेळ. उंट, जीप, तंबूंचे गाणेबजावणे आणि सूर्यास्त बघायला जमलेली गर्दी असते. वाळूवर दिवसभराच्या पावलांचे ठसे उमटलेले असतात. वाऱ्याने ते रातोरात पुसले जातील, असे लोक गृहीत धरतात. पण थरमधले जोरदार वारे मे ते जुलैमधले, हिवाळ्यातला वारा बहुतेक दिवशी मंद असतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये स्वच्छ वाळू हवी तर पहाटे जावे आणि रस्त्यापासून निघून जरा लांब चालावे. शक्य असेल तर माघी पौर्णिमेच्या सुमाराचे दिवस टाळावेत. तेव्हा मरु महोत्सव असतो आणि समला पाय ठेवायला जागा नसते. खुडीला गर्दी कमी असते. मात्र तिथला परिसर राष्ट्रीय मरु उद्यानाला लागून आहे, आणि हे उद्यान म्हणजे माळढोकाच्या उरलेल्या मोजक्या घरांपैकी एक. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला हा पक्षी ठाऊक आहे, तो किती थोडा उरला आहे हेही ठाऊक आहे. एका फ्रेमसाठी रस्ता सोडून झुडपांत गाडी घालू नये.

आणि ज्या दगडी माळाकडे कोणी बघत नाही, तो मला वाळूइतकाच आवडतो. शहराबाहेर थोडे गेले की सपाट जमीन, एखादे खेजडीचे झाड आणि सरळ क्षितिज मिळते. एकट्या माणसाचे पोर्ट्रेट करायला यापेक्षा शांत पार्श्वभूमी क्वचितच मिळेल.

“सकाळ-संध्याकाळचा सोनेरी तास तेवढा खरा, दुपारी कॅमेरा बॅगेत”

या समजुतीमुळे सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, तो तास एक तासाचा नसतो. डिसेंबरमध्ये जैसलमेरला सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर असतो तिथून मावळेपर्यंत साधारण अर्धा तास जातो. हवेत धूळ असली तर सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच फिका पडतो आणि त्या अर्ध्या तासातलाही काही भाग जातो. एवढ्या वेळात एकच जागा नीट होते.

दुसरी गोष्ट घड्याळाची. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि जैसलमेर जवळपास ७१ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटे धरली तर तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ४६ मिनिटे मागे असतो. नागपूरच्या माणसाला तिथली वेळ अर्ध्या तासाहून अधिक सरकलेली वाटेल. डिसेंबरअखेर सूर्य उगवतो साडेसातच्या सुमारास आणि मावळतो सहाच्या आसपास. पहाटे पाचला सगळ्यांना उठवून अंधारात आणि थंडीत कुडकुडत बसवायची गरज नसते. थंडीही खरी असते. जानेवारीच्या रात्री पारा सरासरी आठ अंशांच्या आसपास उतरतो, आणि गारठलेला चेहरा फोटोत लपत नाही.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट दुपारची. “दुपारी फोटो नको” हा सल्ला मुळात उन्हाळ्याचा आहे. जूनमध्ये जैसलमेरला मध्यान्हीचा सूर्य सुमारे ८६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. त्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तो जास्तीत जास्त चाळीस अंशांपर्यंतच चढतो, आणि तेही पाऊण वाजायच्या सुमारास. एवढा तिरपा सूर्य चेहऱ्याला तितका छळत नाही. जूनचा नियम डिसेंबरला लावला तर दिवसाचे कितीतरी चांगले तास हातचे जातात.

त्यातून जैसलमेरच्या गल्ल्या तर सावलीसाठीच बांधल्यासारख्या आहेत. घरे उंच, वाट अरुंद, वर पुढे आलेले झरोखे. दुपारी ऊन एका बाजूच्या भिंतीच्या वरच्या भागावर पडते आणि तिथून परतलेला उजेड समोरच्या सावलीत उतरतो. ती उन्हातली भिंत म्हणजे फुकटात मिळालेला भलामोठा रिफ्लेक्टर. माणसाला सावलीच्या कडेपासून दोन-तीन पावले आत उभे करा, तोंड उजळलेल्या भिंतीकडे ठेवा. डोळ्यांत चमक येते आणि त्वचा मऊ दिसते. किल्ल्याच्या दरवाजांखाली, म्हणजे अक्षय पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल इथेही असा उजेड मिळतो, पण ती जाण्यायेण्याची मुख्य वाट आहे. आतल्या एखाद्या बिननावाच्या गल्लीत काम निवांत होते.

एक काळजी मात्र घ्यावी. पिवळ्या दगडाच्या भिंतीवरून आलेला उजेड पिवळा असतो आणि वरच्या उघड्या आकाशातून उतरणारा निळसर. एकाच चेहऱ्यावर दोन्ही पडले की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. पांढऱ्या सदऱ्यावर ते लगेच दिसते. प्रत्येक जागी ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स बसवावा. पण सगळा पिवळेपणा काढून टाकू नये. तो उजेड जैसलमेरचा आहे.

“फोटोत पाहिले तसेच तिथे गेल्यावर मिळेल”

मोबाइलमधला एखादा फोटो दाखवून “आम्हाला हेच हवे” असे सांगितले जाते. तो फोटो कोणत्या महिन्यातला आहे, हे कोणी विचारत नाही. जूनमध्ये जैसलमेरला सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २७ अंशांवर मावळतो, डिसेंबरमध्ये दक्षिणेला जवळपास तितक्याच अंशांवर. फरक पन्नास अंशांहून अधिक. शहराच्या वायव्येला असलेल्या व्यास छत्रीवरून किल्ला आग्नेयेला दिसतो. उन्हाळ्यात तिथे मावळता सूर्य फोटोग्राफरच्या पाठीमागून येतो आणि हिवाळ्यात बाजूने. जागा तीच, पण चेहऱ्यावरचा उजेड पूर्ण वेगळा. हिवाळ्यातला बाजूचा उजेड मला पोर्ट्रेटसाठी जास्त भावतो. पाठीमागच्या उजेडात किल्ला झळकतो खरा, पण त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे बारीक होतात. अशा वेळी सूर्य धुळीत फिका होईपर्यंत थांबावे, किंवा तो मावळल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत फोटो घ्यावा.

गडीसर तळ्याचे गणित उलटे आहे. अनेक शतके शहराला पाणी पुरवणारे हे तळे किल्ल्याच्या आग्नेयेला आहे आणि घाट शहराच्या बाजूला. घाटाच्या पायरीवर तळ्याकडे तोंड करून बसलेल्या माणसावर हिवाळ्यातला सकाळचा उजेड थेट येतो. म्हणून गडीसर सकाळी आणि व्यास छत्री संध्याकाळी.

पायाखालच्या जमिनीचाही विचार करावा. फिकट कोरडी वाळू अंगावर पडलेल्या उजेडाचा साधारण तिसरा हिस्सा परत फेकते. त्यामुळे वाळूवर सूर्य माणसाच्या मागे ठेवला तरी चेहरा खालून उजळतो आणि केसांभोवती प्रकाशाची कड येते. काळपट दगडी जमिनीवर तसे होत नाही, तिथे रिफ्लेक्टर लागतो आणि वाऱ्यात तो धरायला माणूसही. वाळूवर आणखी एक गोष्ट होते. एवढा उजळपणा बघून कॅमेरा फोटो काळपट घेतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे.

“किल्ला सरकारी आहे, कुठेही उभे राहिले तरी चालते”

हा किल्ला नांदता आहे. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण त्याच्या तटाआड आजही हजारो लोकांचे संसार चालतात. आपण ज्याला सुंदर कोरीव दार म्हणतो ते कोणाच्या तरी घराचे दार असते. ओट्यावर बसायच्या आधी आतल्या माणसाला विचारावे. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, कित्येकदा चहाही मिळतो. नकार आला तर पुढे निघावे. गच्चीवरून शहर हवे असेल तर एखाद्या हॉटेलच्या मालकाशी बोलून त्याची गच्ची तासाभरासाठी घेणे हा सर्वांत सरळ मार्ग.

किल्ला केंद्र संरक्षित स्मारकही आहे. साध्या फोटोंना अडचण नसते, पण ट्रायपॉड लावून किंवा व्यावसायिक शूट करायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. ड्रोनबद्दल तर गैरसमज अजिबात नको. शहराला लागून हवाई दलाचा तळ आहे आणि जिल्हा सीमेवरचा. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन बॅगेतून काढू नये.

बडा बागमधल्या छत्र्या महारावळांच्या स्मारकछत्र्या आहेत आणि व्यास छत्रीही स्मशानाशी जोडलेली जागा आहे. खांबांआडून येणारा उजेड फार देखणा असतो, फोटो जरूर काढावेत, पण चौथऱ्यावर चढून नाच करायची ही जागा नव्हे. बडा बागेच्या मागे पवनचक्क्या दिसतात. पूर्वी त्या फ्रेममधून काढायची धडपड चाले. मला वाटते त्या राहू द्याव्यात, आजच्या जैसलमेरचे क्षितिज तसेच आहे.

“कुलधरा म्हणजे भुताटकी”

पालीवाल ब्राह्मणांचे हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. दिवाण सालिम सिंहाच्या जाचाची दंतकथा सगळे सांगतात, अभ्यासकांनी मात्र पाण्याची टंचाई आणि भूकंप अशीही कारणे पुढे केली आहेत. पोर्ट्रेटसाठी इथे काय आहे, तर छप्पर नसलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यामधल्या सरळ वाटा. दिवसा छान सावली मिळते. संध्याकाळी फाटक बंद होते, म्हणून सूर्यास्ताच्या भरवशावर इथे येऊ नये.

“वाळवंटात वाळूच्या रंगाचेच कपडे शोभतात”

बेज आणि मोहरी रंगाच्या कपड्यांतला माणूस पिवळ्या दगडासमोर विरघळून जातो. पिवळ्यासमोर उठून दिसतो जांभळा, गडद निळा, मरून. घरातली जांभळी पैठणी तिथल्या भिंतीसमोर नेसून बघावी, वेगळी खरेदी करायची गरज पडत नाही. वाळूवर चालायचे असेल तर नऊवारी पाचवारीपेक्षा सोयीची.

शेवटचा मुद्दा हंगामाचा. पावसाळ्यात जैसलमेरला कोणी जात नाही, तेव्हा उकाडा असतो हे खरे. पण वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात एखादी सर येऊन गेली की हवेतली धूळ बसते, झुडपे हिरवी होतात आणि दुपारी ढग आले की सगळे शहर एकाच मोठ्या सावलीखाली येते. उकाडा सोसायची तयारी असलेल्या जोडप्याने ऑगस्टचा विचार जरूर करावा. खोल्या स्वस्त असतात आणि सम बहुतांश मोकळे.